ट्रान्सफॉर्मरला ब्रेकर किती अँपिअरचा? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रे अमेरिकी प्रकल्पांचे आरेखन करणाऱ्या वाचकांची असून त्या सर्वांचा रोख एकाच विषयाकडे आहे: अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडमधील, म्हणजे एनईसीमधील, ट्रान्सफॉर्मरच्या ओव्हरकरंट संरक्षणाचे, म्हणजे प्रमाणाबाहेर प्रवाह वाहू लागल्यास तो तोडण्याचे, नियम. सध्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनतर्फे प्रसिद्ध होणारी ही संहिता १८९७ साली प्रथम निघाली आणि आता दर तीन वर्षांनी तिची सुधारित आवृत्ती येते. ती आपोआप कायदा होत नाही. एखादे राज्य किंवा शहर ती स्वीकारते, आणि पुष्कळदा स्थानिक बदलांसह स्वीकारते, त्यामुळे प्रकल्पाच्या ठिकाणी कोणती आवृत्ती लागू आहे हे आरेखनाला हात घालण्यापूर्वीच विचारून घ्यावे. खालील उत्तरांत प्रायमरी म्हणजे ट्रान्सफॉर्मरची पुरवठा येणारी बाजू, सेकंडरी म्हणजे भाराकडची बाजू, केव्हीए हे त्याच्या क्षमतेचे माप, आणि डेल्टा व स्टार या तीन फेजच्या वाइंडिंग (गुंडाळ्या) जोडण्याच्या दोन पद्धती. तांब्याच्या तारांची प्रवाहक्षमता संहितेच्या तक्त्यातील ७५ अंश सेल्सिअसच्या स्तंभातून घेतली आहे.

प्रश्न: ७५ केव्हीएचा, ४८० व्होल्ट डेल्टा ते २०८/१२० व्होल्ट स्टार असा कोरडा ट्रान्सफॉर्मर आहे. मी प्रायमरीला १२५ अँपिअरचा ब्रेकर दाखवला. तपासणाऱ्या वरिष्ठांनी तो खोडून २२५ अँपिअर लिहिले. कोणाचे बरोबर?

उत्तर: दोघांचेही बरोबर असू शकते, मात्र दोघांच्या मनात वेगवेगळी योजना आहे. १००० व्होल्ट किंवा त्याहून कमी दाबाच्या ट्रान्सफॉर्मरसाठी तक्ता ४५०.३(बी) दोन मार्ग देतो. पहिल्या मार्गात केवळ प्रायमरीला संरक्षण असते आणि त्याची मर्यादा प्रायमरीच्या पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या १२५ टक्के असते. दुसऱ्या मार्गात प्रायमरी आणि सेकंडरी अशा दोन्ही बाजूंना संरक्षण असते; तेव्हा प्रायमरीला २५० टक्क्यांपर्यंत जाता येते आणि सेकंडरीला १२५ टक्क्यांची मर्यादा लागू होते.

आता आपला आकडा घेऊ. ७५,००० भागिले १.७३२ गुणिले ४८० म्हणजे सुमारे ९०.२ अँपिअर. त्याचे १२५ टक्के ११२.८ होतात. या मापाचा ब्रेकर मिळत नाही, कलम २४०.६ मधील प्रमाण मापांच्या यादीत ११० नंतर थेट १२५ येते, आणि तक्त्याखालील टीप क्रमांक १ या ठिकाणी पुढच्या प्रमाण मापाची मुभा देते, म्हणून आपला १२५ अँपिअरचा ब्रेकर नियमात बसतो. २५० टक्क्यांच्या मार्गाने २२५.५ अँपिअर येतात. ही टीप २५० टक्क्यांना लागू नाही, त्यामुळे तेथे खालचेच माप घ्यावे लागते आणि ते २२५ आहे. म्हणजे वरिष्ठांचा आकडाही चोख आहे, परंतु त्यांनी तो लिहिताना सेकंडरीला ब्रेकर गृहीत धरला आहे. सेकंडरीचा प्रवाह २०८.२ अँपिअर, त्याचे १२५ टक्के २६०.२, आणि पुढचे प्रमाण माप ३०० अँपिअर. आराखड्यात सेकंडरीचा हा ब्रेकर दिसत नसेल, तर २२५ हा आकडा टिकत नाही.

सेकंडरीला एकाऐवजी जास्तीत जास्त सहा ब्रेकर किंवा फ्यूजचे सहा संच चालतात, पण ते एका जागी हवेत आणि त्यांच्या रेटिंगची बेरीज एका उपकरणाला मिळणाऱ्या मर्यादेच्या आत हवी.

तक्त्यातले टक्के ही वरची मर्यादा आहे. शिफारस म्हणून ते कोठेही लिहिलेले नाहीत. २२५ चा ब्रेकर घेतला की प्रायमरीच्या ताराही त्याला साजेशा घ्याव्या लागतात. १२५ अँपिअरला १ गेजची (गेज हे तारेच्या जाडीचे माप) तार पुरते, कारण तिची क्षमता १३० अँपिअर आहे. २२५ अँपिअरला ४/० गेज लागते, जिची क्षमता २३० आहे. लांब फीडर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरपर्यंत येणारी पुरवठ्याची तार, असेल तर हा फरक अंदाजपत्रकात ठळकपणे दिसतो. ट्रान्सफॉर्मर चालू करताना ब्रेकर पडण्याची धास्ती नसेल, तर मी स्वतः १२५ किंवा १५० वर थांबेन.

प्रश्न: माझ्या आराखड्यात प्रायमरीचा ब्रेकर १२५ टक्क्यांच्या आत आहे. तक्त्यात सेकंडरीच्या रकान्यात 'आवश्यक नाही' असे स्वच्छ छापलेले असताना निरीक्षक सेकंडरीला ब्रेकर का मागतो?

उत्तर: कारण कलम ४५०.३ फक्त ट्रान्सफॉर्मरपुरते बोलते. सेकंडरीच्या तारांचे संरक्षण कलम २४० मध्ये आहे आणि पॅनेलचे कलम ४०८ मध्ये. ट्रान्सफॉर्मर, तारा आणि पॅनेल यांचे हिशेब स्वतंत्र असतात. कधी एकच ब्रेकर तिन्ही हिशेब चुकते करतो, कधी करत नाही. मात्र तिन्ही तपासावे लागतातच. आलेल्या पत्रांतील निम्म्याहून अधिक घोळ हे तीन हिशेब एकात मिसळल्यामुळे झालेला आहे.

प्रायमरीच्या ब्रेकरने सेकंडरीच्या तारांचेही संरक्षण होते असे कलम २४०.४(एफ) केवळ दोन प्रकारच्या ट्रान्सफॉर्मरसाठी मान्य करते: दोन तारांची सेकंडरी असलेला एकफेजी ट्रान्सफॉर्मर आणि तीन तारांची सेकंडरी असलेला डेल्टा-डेल्टा त्रिफेजी ट्रान्सफॉर्मर. त्यातही प्रायमरीच्या ब्रेकरचे रेटिंग दोन्ही बाजूंच्या दाबांच्या गुणोत्तराने सेकंडरीकडे बदलून घेतल्यावर तारांच्या क्षमतेपेक्षा जास्त होता कामा नये. बाकी सर्व जोडण्या या सवलतीच्या बाहेर आहेत, आणि त्यामागे गणित आहे.

एकफेजी पण तीन तारांची सेकंडरी घ्या. २५ केव्हीए, ४८० व्होल्ट ते २४०/१२० व्होल्ट. प्रायमरीचा प्रवाह ५२ अँपिअर, त्याचे १२५ टक्के ६५, म्हणून ७० अँपिअरचा ब्रेकर. २४० व्होल्टच्या हिशेबाने हे सत्तर अँपिअर सेकंडरीला १४० अँपिअर होतात. पण सगळा भार १२० व्होल्टच्या एकाच अर्ध्या वाइंडिंगवर पडला, तर तीच प्रायमरी त्या अर्ध्या भागातून २८० अँपिअर खुशाल वाहू देते. १४० अँपिअरच्या हिशेबाने निवडलेल्या तारेतून दुप्पट प्रवाह जाईल आणि प्रायमरीच्या ब्रेकरला त्याची वार्ताही लागणार नाही.

डेल्टा-स्टारमध्ये गोष्ट आणखी बारीक आहे. सेकंडरीला एक फेज आणि न्यूट्रल यांच्यात दोष झाला, तर तो प्रवाह प्रायमरीच्या एकाच वाइंडिंगमधून येतो आणि दोन लाइनमध्ये दिसतो. तिन्ही फेजच्या दोषात तेवढ्याच सेकंडरी प्रवाहासाठी प्रायमरी लाइनमध्ये जेवढा प्रवाह दिसला असता त्याच्या तो फक्त ५८ टक्के असतो. वरच्याच ७५ केव्हीए ट्रान्सफॉर्मरचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा अडथळा) ५ टक्के धरू आणि पुरवठ्याचा इम्पिडन्स सोडून देऊ. तिन्ही फेजचा दोष सेकंडरीच्या टोकांवर झाला, तर तेथे सुमारे ४१६० अँपिअर आणि प्रायमरीत सुमारे १८०० अँपिअर वाहतील. फेज-न्यूट्रल दोषात सेकंडरीला जवळपास तेवढाच प्रवाह असेल, पण प्रायमरीच्या लाइनमध्ये सुमारे १०४० अँपिअरच दिसतील. १२५ अँपिअरच्या ब्रेकरची तात्काळ ट्रिप (मोठ्या प्रवाहाला त्याला क्षणात पाडणारी यंत्रणा) दहापट म्हणजे १२५० वर ठेवली असेल, तर पहिला दोष तो क्षणात तोडेल. दुसऱ्यासाठी मात्र त्याच्या तापणाऱ्या पट्टीची वाट पाहावी लागेल. ब्रेकर २२५ चा आणि ट्रिप २२५० वर असेल, तर तात्काळ ट्रिप दोन्ही दोषांना जागची हलणार नाही. आपल्या निरीक्षकाची मागणी याच कारणाने रास्त आहे.

आणि सेकंडरीला पॅनेल जोडले असेल तर वाद उरतच नाही: ट्रान्सफॉर्मरमार्फत पुरवठा होणाऱ्या पॅनेलचे संरक्षण सेकंडरीच्या बाजूला हवे असे कलम ४०८.३६(बी) सांगते, आणि त्याला अपवाद पुन्हा वरच्या दोन प्रकारांचाच.

प्रश्न: अशाच ७५ केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला ३०० अँपिअरचा ब्रेकर आणि ३०० केसीमिलची (केसीमिल हे जाड तारांच्या काटछेदाचे माप) तार दिली. तारेची क्षमता २८५ अँपिअर आहे. ८०० अँपिअरपर्यंत पुढच्या प्रमाण मापाचा ब्रेकर चालतो ना?

उत्तर: इतर फीडरना चालतो, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी तारांना चालत नाही. पुढच्या मापाची ती मुभा कलम २४०.४(बी) मध्ये आहे, आणि सेकंडरी तारांसाठी ती वापरू नये असे कलम २४०.२१(सी) च्या सुरुवातीलाच बजावले आहे. आपल्याला ३५० केसीमिलची तार घ्यावी लागेल, जिची क्षमता ३१० आहे. किंवा ब्रेकर २५० चा घेऊन २५० केसीमिलवर, म्हणजे २५५ अँपिअरवर, भागवता येईल. ट्रान्सफॉर्मरचा पूर्ण भाराचा प्रवाहच २०८ असल्यामुळे २५० चा ब्रेकर पुरेसा ठरतो आणि मला तोच पर्याय अधिक शहाणपणाचा वाटतो.

या तारांच्या लांबीकडेही पाहावे. त्यांच्या सुरुवातीला ब्रेकर नसतो, म्हणून त्या किती लांब न्यायच्या याला बंधने आहेत. इमारतीच्या आत सर्वाधिक वापरात असलेले दोन नियम ३ मीटर आणि ७.५ मीटरचे, म्हणजे १० आणि २५ फुटांचे. दहा फुटांच्या नियमात तारेची क्षमता तिच्यावरील भारापेक्षा आणि ती जेथे संपते त्या उपकरणाच्या रेटिंगपेक्षा कमी नको. पंचवीस फुटांच्या नियमात आणखी एक कसोटी आहे: प्रायमरीच्या ब्रेकरचे रेटिंग दाबांच्या गुणोत्तराने गुणून जो आकडा येईल, त्याच्या एक तृतीयांशाइतकी तरी तारेची क्षमता हवी, आणि तारा एकाच ब्रेकरवर किंवा फ्यूजच्या एकाच संचावर संपल्या पाहिजेत. प्रायमरीला २२५ चा ब्रेकर धरला तर आपल्याकडे २२५ गुणिले २.३१ भागिले ३ म्हणजे सुमारे १७३ अँपिअर येतात, तेव्हा ही कसोटी सहज पार होते. लांबी मात्र तारेची मोजायची असते, भिंतीवरच्या अंतराची नव्हे. ट्रान्सफॉर्मरच्या टर्मिनलपासून खोक्यातील वळसा, पाइप, पॅनेलमधली चढण असे करत ब्रेकरच्या टर्मिनलपर्यंत. आराखड्यात आठ फूट दिसणारे अंतर जागेवर बारा फुटांची तार खाते आणि दहा फुटांचा नियम हातचा जातो.

प्रश्न: ट्रान्सफॉर्मर चालू करताना प्रायमरीचा ब्रेकर पडतो, पण प्रत्येक वेळी नाही. दुसऱ्या-तिसऱ्या प्रयत्नात टिकतो. वाइंडिंगची मेगर चाचणी, म्हणजे इन्सुलेशनची तपासणी, चांगली आली. दोष कोठे शोधावा?

उत्तर: बहुधा दोष नाहीच, हा इनरश करंट, म्हणजे चालू करताच क्षणभर उसळणारा प्रवाह, आहे. दाबाची लाट शून्यातून जात असताना ब्रेकर लागला, तर कोअरमधील (वाइंडिंगच्या आतल्या लोखंडी गाभ्यातील) चुंबकीय फ्लक्स नेहमीच्या कमाल पातळीच्या जवळजवळ दुप्पट व्हायला पाहतो, आणि मागच्या वेळी बंद करताना कोअरमध्ये उरलेले चुंबकत्व त्याच दिशेचे असेल तर त्याच्याही पुढे जातो. कोअर संपृक्त होतो, वाइंडिंगचा अडथळा कोसळतो आणि पहिल्या अर्ध्या चक्रात मोठा प्रवाह उसळतो, जो पुढच्या काही चक्रांत ओसरतो. लाटेच्या माथ्यावर ब्रेकर लागला तर यातले फारसे काही घडत नाही. आपला ब्रेकर कधी पडतो आणि कधी टिकतो याचे कारण लाटेवरच्या त्या बिंदूत आहे.

संरक्षण ठरवताना अभियंते पूर्ण भाराच्या प्रवाहाच्या बारापट ०.१ सेकंदाला आणि पंचवीसपट ०.०१ सेकंदाला असे दोन बिंदू आलेखावर मांडतात आणि ब्रेकरचा वक्र त्यांच्या उजवीकडे राहील असे पाहतात. वरच्या ७५ केव्हीए ट्रान्सफॉर्मरच्या ९०.२ अँपिअरला बारापट म्हणजे सुमारे १०८२. तात्काळ ट्रिप पाचपटीवर, म्हणजे १२५ अँपिअरच्या ब्रेकरला ६२५ वर, ठेवून कोणी साइट सोडली असेल तर ब्रेकर मधूनमधून पडणारच. आधी ती सेटिंग पाहावी. कारखान्यातून आलेली सर्वांत खालची सेटिंग तशीच राहून जाते, हे अनेक ठिकाणी आढळते. ती दहापटीवर नेऊनही प्रश्न सुटला नाही, तर १५० अँपिअरचा ब्रेकर आणि १/० गेजची तार असा मधला मार्ग आहे. सेकंडरीला ब्रेकर असेल तर तो नियमात बसतो. २५० टक्क्यांचा मार्ग संहितेने ठेवला आहे तो मुख्यतः याच अडचणीसाठी. ब्रेकरऐवजी वेळ घेऊन वितळणारे फ्यूज हाही चांगला पर्याय आहे.

फक्त एक सावधगिरी. दर वेळी ब्रेकर पडत असेल, किंवा काही सेकंद चालून मग पडत असेल, तर तो बहुधा इनरश नव्हे. तेव्हा सेटिंगला हात न लावता सेकंडरीची बाजू सोडवून पुन्हा तपासावे.

प्रश्न: लहान ट्रान्सफॉर्मरना १६७ आणि ३०० टक्के कोठून आले?

उत्तर: प्रायमरीचा प्रवाह ९ अँपिअरपेक्षा कमी असेल तर केवळ प्रायमरीच्या संरक्षणाची मर्यादा १६७ टक्के होते आणि २ अँपिअरपेक्षा कमी असेल तर ३०० टक्के. एवढ्या लहान प्रवाहांना १२५ टक्क्यांचे नेमके माप मिळत नाही आणि इनरश मात्र त्याच प्रमाणात असतो. या दोन आकड्यांना पुढच्या मापाची मुभा नाही. ४८० व्होल्टच्या ३ केव्हीए एकफेजी ट्रान्सफॉर्मरला ६.२५ अँपिअर लागतात, त्याचे १६७ टक्के १०.४, म्हणून १० अँपिअरचा फ्यूज. ब्रेकरच हवा असेल तर २५० टक्क्यांनी १५.६ येतात आणि १५ अँपिअरचा ब्रेकर बसतो, पण मग १२० व्होल्टच्या सेकंडरीला, २५ अँपिअरच्या १२५ टक्क्यांच्या हिशेबाने, कमाल ३५ अँपिअरचे संरक्षण द्यावे लागते. मोटरच्या नियंत्रण मंडलातील ट्रान्सफॉर्मर कलम ४३०.७२ खाली येतो. तेथे २ अँपिअरखाली ५०० टक्क्यांपर्यंत जाता येते.

प्रश्न: १३.८ केव्ही ते ४८० व्होल्ट, १५०० केव्हीए, इम्पिडन्स ५.७५ टक्के. तक्ता ४५०.३(ए) प्रायमरीला ६०० टक्के देतो. हे संरक्षण म्हणायचे की उपचार?

उत्तर: प्रश्नातील उपरोध रास्त आहे. प्रायमरी १००० व्होल्टच्या वर असेल तर मर्यादा इम्पिडन्सवर ठरते, कारण दोषाचा प्रवाह त्यावर ठरतो. इम्पिडन्स ६ टक्क्यांपर्यंत असेल तर प्रायमरीला ब्रेकर ६०० टक्के किंवा फ्यूज ३०० टक्के; ६ ते १० टक्क्यांच्या दरम्यान असेल तर ब्रेकर ४०० टक्के आणि फ्यूज ३०० टक्केच. आपला पूर्ण भाराचा प्रवाह ६२.८ अँपिअर आहे, तेव्हा फ्यूज १८८ पर्यंत, किंवा त्यापुढचे बाजारात मिळणारे माप, आणि ब्रेकर ३७७ पर्यंत. सेकंडरी ४८० व्होल्टची असल्यामुळे तिला १२५ टक्के: १८०४ अँपिअरचे २२५५, म्हणजे २५०० चा ब्रेकर.

ज्या जागी केवळ पात्र व्यक्तीच ट्रान्सफॉर्मरची देखरेख आणि दुरुस्ती करतात अशा देखरेखीखालील जागेत याच सेकंडरीला २५० टक्के मिळतात, किंवा प्रायमरीला ब्रेकर ३०० आणि फ्यूज २५० टक्क्यांच्या आत ठेवून सेकंडरीचे संरक्षण वगळताही येते. ही सवलत घेताना मालकाकडे असे कर्मचारी खरोखर आहेत का हे लेखी विचारावे. फाटकाला कुलूप आहे एवढ्यावर जागा देखरेखीखालची होत नाही.

सहाशे टक्क्यांना प्रायमरीचा ब्रेकर ओव्हरलोड पाहणार नाही हे उघड आहे. ते काम सेकंडरीचा ब्रेकर करतो. प्रायमरीच्या उपकरणाकडून अपेक्षा असते ती वाइंडिंगमधील किंवा ट्रान्सफॉर्मर आणि सेकंडरी ब्रेकर यांच्या दरम्यानचे दोष तोडण्याची, आणि त्यासाठी सी५७.१०९ या मानकातील तेलभरल्या ट्रान्सफॉर्मरचा नुकसान-वक्र आलेखावर घेऊन, डेल्टा-स्टार असल्यास तो ५८ टक्क्यांवर सरकवून, उपकरणाचा वक्र त्याच्या डावीकडे बसवावा. असे केल्यावर निवड ६०० टक्क्यांच्या पुष्कळ खाली स्थिरावते.

प्रश्न: ४८० व्होल्टची प्रायमरी असलेला ट्रान्सफॉर्मर उलटा, म्हणजे २०८ च्या बाजूने पुरवठा देऊन वापरला तर?

उत्तर: उत्पादकाच्या सूचना तशी परवानगी देत असतील तरच. मग २०८ ची बाजू प्रायमरी होते आणि सगळे टक्के तिच्या प्रवाहावर मोजायचे. कमी दाबाची वाइंडिंग बहुधा कोअरच्या जवळ असते, त्यामुळे या जोडणीत इनरश नेहमीपेक्षा जास्त येतो, आणि १२५ टक्क्यांवर नेमका बसवलेला ब्रेकर येथे सर्वांत जास्त त्रास देतो.

प्रश्न: अग्निशमन पंपाच्या ट्रान्सफॉर्मरला आमच्या आराखड्यात सेकंडरी ब्रेकर नाही. तपासणीत अडकेल का?

उत्तर: ब्रेकर दाखवला असता तर अडकला असता. कलम ६९५.५ या ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीला ओव्हरकरंट संरक्षण देण्यास मनाई करते. प्रायमरीचा ब्रेकरही पंपाच्या मोटरचा अडकलेल्या रोटरचा प्रवाह अनिश्चित काळ वाहू देईल असा निवडायचा असतो, कारण आग लागली असताना मोटर जळाली तरी चालेल, पण पाणी थांबता कामा नये. ट्रान्सफॉर्मरची क्षमता मात्र पंपाच्या मोटरच्या, आणि त्याच पुरवठ्यावर असलेल्या जॉकी पंपाच्या (पाइपमधला पाण्याचा दाब टिकवणाऱ्या लहान पंपाच्या), एकत्रित प्रवाहाच्या किमान १२५ टक्के ठेवावी.